फर्नेसचे दोन पांढरे पाइप मी स्वतः लावू शकतो का? उतार कुठल्या बाजूला द्यायचा?

तुम्ही लिहिलंय की कॅनडात, ओंटारिओतल्या मिसिसागात जुनं घर घेतलंत, चिमणीला जोडलेली फर्नेस, म्हणजे घर गरम करणारी गॅसची भट्टी, बदलायची आहे, आणि नवीला भिंतीतून दोन प्लास्टिकचे पाइप काढावे लागतील असं ठेकेदार सांगतोय. पीव्हीसीच तर आहे, दुकानातून आणून मीच चिकटवला तर चार पैसे वाचतील, हा तुमचा हिशोब. शिवाय पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला हवा ना, म्हणजे पाणी निघून जाईल?

पहिल्याचं उत्तर नाही. ओंटारिओत गॅसच्या उपकरणाचं काम टीएसएसए या सुरक्षा संस्थेचा परवाना असलेल्या माणसानेच करायचं असतं, आणि धुराचा पाइप त्या उपकरणाचाच भाग धरला जातो. पुण्यामुंबईत बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या आपण वाचलेल्या आहेत. इथेही वायू तोच, कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग ना वास.

दुसऱ्याचंही उत्तर नाही, उतार नेमका उलटा हवा. हे मी अनुभवाने शिकलो.

जुनी ८० टक्के कार्यक्षमतेची फर्नेस गरम धूर सोडते, तो धातूच्या नळीतून आपोआप वर चढतो. नवी ९५ टक्केवाली त्या धुरातली उष्णता इतकी पिळून घेते की त्यातल्या वाफेचं पाणी होतं. म्हणूनच प्लास्टिकचा पाइप चालतो, आणि म्हणूनच धूर ढकलायला छोटा पंखा लागतो. ६०,००० बीटीयूची (बीटीयू हे उष्णतेचं माप) फर्नेस तासभर सलग जळली तर सुमारे अडीच लिटर पाण्याएवढी वाफ तयार होते. त्यातलं बरंचसं पाणी फर्नेसच्या आतच निघतं, उरलेलं एक्झॉस्ट, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये. हे पाणी आम्लधर्मी असतं. ते बाहेर सोडलं तर पाइपच्या तोंडाशी थेंब थेंब गोठतं आणि शेवटी तोंडच बुजतं. म्हणून एक्झॉस्टचा आडवा पाइप दर फुटाला पाव इंच फर्नेसकडे उतरता ठेवतात. पाणी परत येतं आणि फर्नेसच्या ड्रेनमधून मोरीत जातं.

माझ्या घरी परवानाधारक माणसानेच काम केलं होतं, उतारही दिला होता. फक्त तळघराच्या छताला पाइप टांगताना पट्ट्या लांब लांब मारल्या. दोन हिवाळ्यांत मधल्या भागाला पोट आलं. जानेवारीत, बाहेर उणे वीस असताना, रात्री खालून हुक्का ओढल्यासारखी गुडगुड ऐकू यायला लागली. मला वाटलं पाण्याच्या नळीत हवा आहे. तिसऱ्या रात्री फर्नेस बंद. पोटात साठलेल्या पाण्याने धुराची वाट अडवली होती आणि प्रेशर स्विचने, त्याचं कामच ते, गॅस पेटू दिला नाही. आलेल्या तंत्रज्ञाने पाइप कापला तेव्हा तांब्याभर पाणी त्याच्या बाहीवर सांडलं. त्यामुळे काम संपल्यावर पाणसळ घेऊन, म्हणजे स्पिरिट लेव्हल हो, पाइपच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत स्वतः फिरा. ठेकेदाराला राग आला तर येऊ दे.

पाइपवर काय छापलंय तेही वाचा. कॅनडात एक्झॉस्टला नळकामाचा साधा पीव्हीसी चालत नाही, त्यावर एस६३६, म्हणजे धुराच्या प्लास्टिक पाइपचं कॅनडाचं मानक, लिहिलेलं हवं. पाइप, जोड, प्रायमर आणि सिमेंट एकाच कंपनीचं, कारण प्रमाणपत्र त्या सगळ्या संचाला मिळालेलं असतं. तळघराला पुढे ड्रायवॉल करणार असाल तर फर्नेसजवळचे पहिले ३ फूट झाकू नका, ते डोळ्यांनी तपासता यायला हवेत. एल्बो जितके कमी तितकं बरं. माझ्या मॅन्युअलमध्ये एक एल्बो म्हणजे ५ फूट पाइप धरला होता. किती व्यासाचा पाइप किती लांब नेता येतो याचा तक्ता प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो तक्ता ठेकेदाराकडून मागून घ्या.

दुसरा पाइप, म्हणजे बाहेरची हवा फर्नेसला आणणारा इनटेक, वगळून पैसे वाचवू नका. तो नसेल तर फर्नेस तळघरातली हवा ओढते, तीच हवा ड्रायर आणि स्वयंपाकघरातला पंखाही ओढत असतो. वर ब्लीचची वाफ आत गेली की हीट एक्स्चेंजर, म्हणजे धुरातली उष्णता घरातल्या हवेला देणारा भाग, गंजतो.

बाहेरची जागा निवडणं मात्र खरं डोकेदुखीचं. दोन्ही तोंडं एकाच भिंतीवर हवीत, म्हणजे वाऱ्याचा दाब दोघांवर सारखा येतो, पण सोडलेला धूर पुन्हा आत ओढला जाईल इतकी जवळ नकोत. बर्फ जिथवर साचतो त्याच्या वर किमान १२ इंच. एक लाख बीटीयूपर्यंतच्या फर्नेसला उघडणाऱ्या खिडकीपासून १ फूट, एचआरव्हीच्या (घरातली हवा बदलणाऱ्या यंत्राच्या) हवा घेणाऱ्या तोंडापासून ६ फूट, गॅस मीटरच्या रेग्युलेटरपासून ३ फूट. मॅन्युअल याहून जास्त सांगत असेल तर मॅन्युअलचं ऐकायचं. आपल्या घरांमधली बोळ एवढीशी, त्यात मीटरही तिथेच, त्यामुळे उरते ती जागा बहुतेक वेळा शेजाऱ्याच्या खिडकीसमोर येते. आधी त्याच्याशी बोला. हिवाळाभर तिथून पांढरी वाफ येत राहते आणि खालची पायवाट निसरडी होते.

आणि सही करण्याआधी एक विचारा. तुमचा पाणी तापवायचा हीटरही त्याच चिमणीत सोडलेला आहे का? असेल तर फर्नेस निघाल्यावर एवढी मोठी चिमणी त्या एकट्यासाठी थंडच राहते, धूर वर चढत नाही, आतच पाणी सुटतं, कधी धूर उलटून घरात येतो. चिमणीत लायनर, म्हणजे आतून बारीक नळी, घालायचा की हीटरही बदलायचा, हे त्याच कोटेशनमध्ये लिहून घ्या. माझ्या कोटेशनमध्ये ते नव्हतं, नंतर वेगळे पैसे गेले.