आवाज सपाट वाटत असेल तर घसा सोडून आधी वाक्य तपासा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : ऑफिसात प्रेझेंटेशन सुरू झालं की समोरचे मोबाइल काढतात, आणि कॉलनीच्या गणपतीत निवेदन केलंत तेव्हा एका काकांनी "बातम्या वाचतोयस का रे?" असं विचारलं. आवाज मुळातच एकसुरी आहे, तर घशाचे काही व्यायाम आहेत का? आहेत, पण ते मी मुद्दाम नंतर सांगणार आहे. कारण तुम्हीच पुढे लिहिलंय की भाचीला माकड-मगरीची गोष्ट सांगता तेव्हा ती हसून लोळते. ज्या गळ्यातून माकड, मगर आणि मगरीची बायको अशी तिघं निघतात, त्या गळ्याला काहीही झालेलं नाही.

मी इंदूरला बरीच वर्षं मराठी कार्यक्रमांचं निवेदन करतो आणि वक्तृत्व स्पर्धेला उतरणारी मुलंही तयार करतो. माझं मत असं, की कोणता शब्द महत्त्वाचा हे बोलणाऱ्यानं ठरवलेलंच नसतं, म्हणून बहुतेकांचा आवाज सपाट होतो. सगळे शब्द सारख्याच किमतीचे धरले की सूरही सारखाच लागणार.

तुमच्या निवेदनाचं पहिलं वाक्य बघा : "सार्वजनिक गणेशोत्सव समितीच्या वतीने आयोजित करण्यात आलेल्या आजच्या या सांगीतिक कार्यक्रमात आपणा सर्व रसिक श्रोत्यांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो." हे वाक्य मुरलेल्या नटालाही जिवंत करता येणार नाही. समिती लोकांना ठाऊक, कार्यक्रम ठाऊक, आपण रसिक आहोत हे तर सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक! मग आवाज उचलायचा कशावर? त्याऐवजी असं म्हणून बघा : "नमस्कार. दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेत नाहीये, तरी खुर्च्या भरल्यात. मागे ऐकू येतंय ना?" 'तरी'वर आवाज आपोआप चढेल, 'खुर्च्या'वर थोडं कौतुक येईल आणि शेवटचा प्रश्न वर जाईल. यात तुम्ही वेगळं काही केलेलं नसेल, वाक्यानंच करवून घेतलेलं असेल. म्हणून आवाजावर काम सुरू करण्याआधी 'करण्यात आलेल्या' आणि 'वतीने' यांवर काट मारा. स्लाइडचंही तेच. स्लाइडवर जे लिहिलंय तेच वाचलंत, तर आवाज बातम्यांचाच निघणार.

आपल्या इंदूरकडच्या मराठी माणसाची एक जादा अडचण आहे. घरी मराठी, राजवाड्याच्या बाजारात हिंदी, ऑफिसात इंग्रजी. इंग्रजी बोलताना अर्धं डोकं शब्द शोधण्यात गुंतलेलं असतं, सुराकडे लक्ष द्यायला कोणी शिल्लकच राहत नाही. आणि मराठीतून व्यासपीठावर बोलायची वेळ आली की धाक वेगळाच : पुण्या-मुंबईचं कोणी बसलं असेल, आपलं हिंदीमिश्रित मराठी हसण्यावारी नेतील. मग आपण एकेक शब्द जपून, पाठ केल्यासारखा ठेवतो. ही जपणूक सोडा. एखादं इंदुरी 'भिया' (भैया) निसटलं तर निसटू द्या, सभागृहात निम्मे लोक तसंच बोलतात. ऑफिससाठी मात्र एक करा : जो मुद्दा इंग्रजीत मांडायचा आहे तो आधी घरच्या मराठीत कोणाला तरी सांगा, रेकॉर्ड करा, आणि आवाज कुठे चढला ते ऐका. इंग्रजीतही जोर त्याच मुद्द्यावर द्यायचा असतो.

आता जोराबद्दल. मराठीत क्रियापद बहुधा शेवटी येतं आणि साधारणपणे त्याच्या लगेच आधीच्या शब्दावर भार पडतो. "काल मी सराफ्यात भुट्ट्याचा कीस खाल्ला" (सराफा म्हणजे इंदूरची रात्रीची खाऊगल्ली) यात बातमी किसाची आहे. "भुट्ट्याचा कीस मी काल सराफ्यात खाल्ला" म्हटलं की बातमी सराफ्याची होते. "सराफ्यात भुट्ट्याचा कीस काल मीच खाल्ला" म्हणजे प्लेट कोणी संपवली त्याचा कबुलीजबाब. तीनही वाक्यं मोठ्यानं म्हणा. 'खाल्ला'ला कुठेच जोर लागत नाही. एकसुरी बोलणारे नेमकं उलट करतात, प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'आहे', 'केलं', 'झालं' यावर येऊन आदळतात. त्यामुळे सूर वर-खाली होत असला तरी प्रत्येक वाक्याची चाल एकच राहते आणि चौथ्या वाक्याला ऐकणारा झोपतो. तुमचं जे रेकॉर्डिंग मी ऐकलं त्यात मला हाच दोष जास्त दिसला. आवाज पट्टीत बरा फिरतो, पण दर वेळी त्याच जिन्यानं खाली उतरतो.

त्यावर उपाय जुनाच आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात पाठ्याचे, म्हणजे बोलण्याचे, गुण सांगताना 2 काकू, म्हणजे सुराची वळणं, सांगितल्या आहेत : साकांक्ष आणि निराकांक्ष. म्हणजे अजून काही यायचंय असं वाटायला लावणारा सूर, आणि बोलणं पुरं झालं असं सांगणारा सूर. शिवाय 6 अलंकार : उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित. लांबच्याला हाक मारायला किंवा आश्चर्याला उच्च, भांडणाला दीप्त, चिंतेला मंद्र, घाईला आणि भीतीला द्रुत, विचाराला विलंबित. सहाही एका भाषणात कोंबायला जाऊ नका, तो तमाशा होतो. फक्त काकूचं धरा. कागदावर जिथे मुद्दा अजून पुढे चाललाय तिथे एक तिरकी रेघ मारा आणि आवाज उघडा ठेवा. जिथे मुद्दा खरोखर संपला तिथे दोन रेघा, आवाज खाली आणि पूर्ण श्वास. पानभर मजकुरात दोन रेघा तीन-चार ठिकाणीच येतात हे बघून तुम्हाला नवल वाटेल.

ती दोन रेघांची जागा म्हणजे थांबा. लोक थांबायला घाबरतात, मग 'तर', 'म्हणजे', 'बेसिकली' भरत राहतात. श्वास न घेता बोललं की वाक्याच्या शेवटी हवा संपते आणि आवाज विझतो. त्यात मंचावर गेल्यावर घशाचे स्नायू ताणले जातात आणि सुरुवातच वरच्या पट्टीत होते. तिथून वर जायला जागाच उरत नाही. स्वरतंतू ताणले की ते जास्त वेगानं कंप पावतात आणि सूर चढतो. पुरुषांच्या बोलण्यात ही कंपनं साधारण सेकंदाला 85 ते 180 असतात, बायकांच्या 165 ते 255. तारसप्तकाचा सा गाठायचा म्हणजे मधल्या सा च्या दुप्पट कंपनं. बोलायला एवढ्या चढाईची गरज नसते, पण खाली थोडी जागा राखलीत तर वर जाता येतं. म्हणून पहिलं 'नमस्कार' श्वास सोडून, खांदे खाली टाकून, तुमच्या रोजच्या सुरापेक्षा किंचित खालून म्हणा. घशाचा व्यायाम म्हणाल तर सकाळी ओठ फुरफुरवत खालून वर, वरून खाली असा सूर सरकवा, पाच मिनिटं पुरे. हार्मोनियम असेल तर तुमचा आरामाचा सा कुठला ते शोधून ठेवा.

रोजच्या सरावासाठी मात्र मी एकच सांगतो : धावतं समालोचन. आपल्या इंदूरच्या सुशील दोशींना हिंदी क्रिकेट समालोचनासाठी 2016 मध्ये पद्मश्री मिळाली. रेडिओवर ऐकणाऱ्याला मैदान दिसत नाही, त्यामुळे गोलंदाज धावत येतो तेव्हा वेग आवाजातच आणावा लागतो आणि चेंडू सुटला की सगळं अर्ध्या क्षणात बदलावं लागतं. तुम्ही गॅलरीत उभे राहा आणि खालच्या रस्त्याचं दोन मिनिटं मराठीत समालोचन करा. ई-रिक्शा वळतेय, मागून स्कूटर, भाजीवाली हातगाडी आडवी लावतेय, आणि... वाचली! आवाज हलवायचा म्हणून हलवायला लागत नाही, रस्ता हलवतो. शेजारी बघतील. बघू द्या.

मोजून बघायची आवड असेल तर लॅपटॉपवर 'प्राट' नावाचं मोफत सॉफ्टवेअर घ्या. ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं आहे, तुमच्या रेकॉर्डिंगच्या सुराची रेघ काढून दाखवतं. भाचीला सांगितलेली गोष्ट आणि ऑफिसची मीटिंग, दोन्ही रेघा शेजारी ठेवा. आणि 'सानंद' या इंदूरच्या मराठी संस्थेचं नाटक लागलं की एखादा प्रवेश डोळे मिटून ऐका, तिकिटाचे पैसे दुप्पट वसूल होतात.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेऊ नका. पूर्वी चांगला फिरणारा आवाज अलीकडे सपाट झाला असेल, बसलेला आवाज तीन-चार आठवड्यांत सुटत नसेल, किंवा थायरॉइडच्या ऑपरेशननंतर वरचे सूर गेले असतील, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. थायरॉइडजवळून सूर चढवणाऱ्या स्नायूची नस जाते. पार्किन्सनमध्येही आवाज हळू आणि एकसुरी होतो, दीर्घ उदासीतही होतो. तिथे समालोचन करून भागणार नाही, स्पीच थेरपिस्ट लागतो. तुमच्या बाबतीत मला तसं काही वाटत नाही.

पुढच्या कार्यक्रमाच्या आधी साउंडवाल्याला गाठा आणि निवेदनाच्या माइकचा एको पूर्ण बंद करायला सांगा. तो "सर, आवाज भारी येतो" म्हणेल, ऐकू नका. तुम्ही मेहनतीनं घेतलेला प्रत्येक थांबा तो एको भरून टाकतो. माइक ओठांपासून चार बोटं दूर आणि जरा तिरका धरा. आणि आवाज चढणार असेल तिथे आधी माइक थोडा लांब न्या, नाहीतर साउंडवाला घाबरून व्हॉल्यूमच कमी करून ठेवतो.