पोकेमॉन ट्रेडिंग कार्ड गेम खेळायला सुरुवात कशी करावी?

तुमची मुलगी चौथीत आहे, डब्यात शंभरेक पोकेमॉन कार्डं साठली आहेत, मैत्रिणींबरोबर ती 'ज्याचा एचपी (किती इजा झाली की पोकेमॉन बाद होतो तो आकडा) जास्त तो जिंकला' एवढंच खेळते आणि खरा खेळ घरात कुणालाच येत नाही. सुरुवात कुठून करायची आणि किती पैसे घालायचे, असं तुम्ही विचारलंय.

पैशांचं आधी सांगते, कारण बहुतेक घरांत ते चुकीच्या जागी जातात. नवी पाकिटं आणणं तूर्त थांबवा. एका पाकिटात १० कार्डं निघतात आणि कोणती निघतील ते नशिबावर. खेळायला ६० कार्डांचा डेक लागतो, आणि ती साठ एकमेकांना धरून असावी लागतात. पाकिटं फोडून असा डेक जमवायला गेलात तर हातात वीस जातींचे पोकेमॉन उरतील आणि कुणाचं कुणाशी जमणार नाही. पाकीट फोडण्यात मजा आहेच, वाढदिवसाला जरूर आणा. पण तो खेळाचा खर्च नव्हे, हौसेचा.

आता एचपीचं. आपण लहानपणी क्रिकेटपटूंची आणि कुस्तीवाल्यांची ट्रम्प कार्डं खेळायचो, तुमची मुलगी तेच खेळतेय: आकडा मोठा, कार्ड माझं. या खेळात मात्र मोठ्या आकड्याची किंमतही त्याच कार्डावर छापलेली असते. ती वाचता आली की निम्मा खेळ आला. १९९९ साली इंग्रजीत आलेल्या पहिल्या संचातला चारिझार्ड घ्या, जो अजूनही लोक काचेत लावून ठेवतात. एचपी १२०, हल्ला १०० चा. त्या काळी हे आकडे दांडगे होते. पण तो थेट मैदानात येत नाही. आधी चारमँडर ठेवायचा, त्यावर चारमेलियन, त्यावर हा. हल्ल्याला ४ एनर्जी लागतात (एनर्जी म्हणजे पोकेमॉनला लावायची, हल्ल्याचं इंधन असलेली वेगळी कार्डं) आणि एका पाळीत हातातून एकच एनर्जी लावता येते. शिवाय दर हल्ल्याला २ एनर्जी टाकून द्याव्या लागतात, म्हणजे पुढच्या हल्ल्यासाठी पुन्हा दोन पाळ्या भरणा. तोवर समोरचा पिकाचू घेऊन काय काय करून जातो ते बघा. (हा जुना चारिझार्ड आजच्या स्पर्धांत चालत नाही, पण शिकवायला त्याच्याइतकं चांगलं उदाहरण नाही.)

डाव असा मांडतात. दोघांनी आपापला डेक पिसून ७ कार्डं हातात घ्यायची. त्यांतला एक बेसिक पोकेमॉन (चारमँडरसारखा थेट मैदानात ठेवता येणारा) पुढे, म्हणजे ॲक्टिव्ह जागी, पालथा ठेवायचा. आणखी बेसिक असतील तर मागे बेंचवर, जास्तीत जास्त पाच. हातात एकही बेसिक नसेल तर हात दाखवायचा, परत पिसायचं आणि परत ७ घ्यायची. त्याबद्दल समोरच्याला एक कार्ड जादा घेता येतं. मग डेकच्या वरची ६ कार्डं न बघता बाजूला ठेवायची, ती प्राइझ कार्डं. समोरच्याचा पोकेमॉन बाद केला की आपल्या प्राइझमधलं एक उचलायचं. सहाही उचलली की जिंकलात. समोरच्याचा मैदानातला शेवटचा पोकेमॉन पडला आणि बेंचवर कुणी नसेल तरी जिंकलात. आपल्या पाळीच्या सुरुवातीला ओढायला डेकमध्ये कार्डच उरलं नाही तर मात्र हरलात.

पाळीत आधी एक कार्ड ओढायचं, मग हवी ती कामं हव्या त्या क्रमाने करायची, आणि हल्ला केला की पाळी संपली. एनर्जी एक. मदतीच्या कार्डांपैकी सपोर्टर प्रकारातलं एक. आयटम प्रकारातली हवी तेवढी. जो पहिला खेळतो त्याला पहिल्या पाळीत हल्लाही करता येत नाही आणि सपोर्टरही वापरता येत नाही. नुकताच ठेवलेला पोकेमॉन त्याच पाळीत उत्क्रांत होत नाही, म्हणजे त्यावर पुढचं रूप ठेवता येत नाही. घरोघरी एक गोंधळ हमखास होतो: हल्ला केला की एनर्जी काढून टाकतात. तसं कार्डावर लिहिलं असेल तरच टाकायची, नाहीतर ती पोकेमॉनवरच राहते. झालेली इजाही पुढच्या पाळीत पुसली जात नाही.

आणि ती नावापुढे छोटं 'ईएक्स' लिहिलेली, मुलांना जीव की प्राण असलेली कार्डं? एचपी भरपूर, हल्ला जबरदस्त, पण बाद झाली की समोरचा एकाऐवजी २ प्राइझ उचलतो. मेगा ईएक्स असेल तर ३. म्हणजे दोन मेगा गमावले की डाव संपला. पुन्हा तेच, किंमत कार्डावरच छापलेली आहे, फक्त अगदी खाली, बारीक अक्षरांत.

हे नियम मी चार परिच्छेदांत सांगितले तरी खेळताना डोक्यात बसायला चारपाच डाव लागतील. पहिले डाव दोघींनी कार्डं टेबलावर उघडी ठेवून खेळा आणि प्रत्येक कार्ड मोठ्याने वाचा. कार्डं इंग्रजीत असतात. मुलगी मराठी माध्यमात असेल तर सुरुवातीला तुम्ही अर्थ सांगा. मुलं हे इंग्रजी भराभर उचलतात, कारण तेच तेच शब्द सारखे येतात. जपानी कार्डंही बाजारात दिसतात आणि ती खरी असतात, पण वाचता येणार नाहीत, तेव्हा शिकायला घेऊ नका.

काय विकत घ्यायचं? दोघींसाठी दोन तयार डेक, बस. 'बॅटल अकॅडमी' नावाचा खोका मिळाला तर उत्तम. त्यात तीन तयार डेक आणि मांडायला बोर्ड असतो, आणि पहिला डाव पायरीपायरीने खेळवणारी पुस्तिका असते. थोडं जमायला लागलं की 'लीग बॅटल डेक' प्रकारातला एखादा घ्या. हे जरा तिखट असतात. उदाहरणार्थ ड्रॅगापल्ट ईएक्सचा डेक. त्याचा मोठा हल्ला पुढच्याला २०० ची इजा करतो आणि वर समोरच्याच्या बेंचवर ६ डॅमेज काउंटर हवे तसे वाटता येतात. एक काउंटर १० चा. कुणाला किती द्यायचे हे ठरवताना मुलगी आपसूक आकडेमोड करेल, मुद्दाम गणित म्हणून सांगू नका.

तयार डेक उघडून मोजलात तर एक गोष्ट खटकेल: निम्म्याच्या आसपास कार्डं ना पोकेमॉनची, ना एनर्जीची! ती ट्रेनर कार्डं, म्हणजे मदतीची. सपोर्टर आणि आयटम यांतच येतात. मुलं आपला डेक बांधताना हीच काढून टाकतात आणि आवडते पोकेमॉन कोंबतात. मग हवं ते कार्ड कधी येतच नाही. डेकमधून हवा तो पोकेमॉन शोधून आणणारे बॉल, हात टाकून नवी ७ कार्डं देणारं प्रोफेसर्स रिसर्च, मधली पायरी गाळून थेट शेवटच्या रूपावर नेणारी रेअर कँडी, समोरच्याचा बेंचवर लपवलेला जखमी पोकेमॉन पुढे ओढणारं बॉसेस ऑर्डर्स... खेळ यांच्यावर चालतो. पोकेमॉन हा शेवटी ठोसा मारायला.

स्वतः डेक बांधायची वेळ येईल तेव्हा एवढं लक्षात असू द्या. एकाच नावाची जास्तीत जास्त ४ कार्डं चालतात, बेसिक एनर्जीला मर्यादा नाही. आणि बेसिक पोकेमॉन कमी ठेवू नका. हिशोब करून बघितला तर ६० मध्ये ४ च बेसिक असतील तेव्हा शंभरातल्या ६० वेळा पहिल्या सात कार्डांत एकही येत नाही. ८ असतील तर ३५ वेळा, १२ असतील तर १९ वेळा. तसंच ज्या कार्डावर सगळा डाव उभा आहे ते एकच ठेवू नका. प्राइझमध्ये ६ कार्डं जातात, म्हणजे दहातल्या एका डावात ते तिथेच अडकून बसणार.

नकली कार्डांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण डब्यात ती असणारच. सोनेरी प्लास्टिकची, सगळीच्या सगळी चमकणारी कार्डं, स्टेशनरीच्या दुकानात किंवा जत्रेत मिळतात ती, शंभर टक्के नकली. अमेरिकेत एका पाकिटाची किंमत साडेचार डॉलरच्या आसपास असते, तेव्हा इथे ५० रुपयांत खरं पाकीट कुठून येणार? कागदी नकलाही असतात. मागचा निळा रंग फिकट किंवा जांभळट, अक्षरांची जाडी वेगळी, 'पोकेमॉन'मधल्या ई अक्षरावरची तिरपी रेघ गायब, एचपी भलताच. खात्रीचं एक कार्ड शेजारी ठेवून मोबाइलचा टॉर्च मागून लावा, नकली कार्डातून बहुधा उजेड जास्त पार येतो. मुलीला मात्र टाकून दे म्हणू नका. तिच्या लेखी ती तिची कार्डं आहेत. स्पर्धेत चालणार नाहीत एवढंच सांगा. घरी सरावाला तर कागदावर कार्डाचा मजकूर लिहून स्लीव्हमध्ये सरकवला तरी खेळता येतं.

स्लीव्ह म्हणजे प्रत्येक कार्डाला घालायची प्लास्टिकची पिशवी. कार्ड ६३ बाय ८८ मिलिमीटरचं असतं, त्या मापाच्या घ्या. यू-गी-ओ या दुसऱ्या कार्डांच्या खेळाच्या स्लीव्ह लहान पडतात. पावसाळ्यात चमकीची कार्डं दमट हवेने वाकतात, डब्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा.

मोबाइलवर दोन ॲप आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. २०२४ च्या ऑक्टोबरात आलेलं 'पॉकेट' छान आहे, पण त्यात डेक २० कार्डांचा, बेंच तिघांचं आणि एनर्जी आपोआप येते. खेळ वेगळाच आहे. टेबलावरचा खेळ शिकायचा तर 'टीसीजी लाइव्ह' घ्या. ते फुकट आहे, तयार डेक देतं आणि नियम मोडूच देत नाही, त्यामुळे शंका आली की तिथे करून बघता येतं. खऱ्या पाकिटात एक कोडचं कार्ड असतं, ते याच ॲपमध्ये वापरायचं.

घराबाहेर खेळायचं झाल्यास कार्डाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातलं एकटं अक्षर बघायला शिका. स्टँडर्ड, म्हणजे स्पर्धांच्या नेहमीच्या प्रकारात जुनी अक्षरं ठरावीक काळाने बाद होतात, म्हणून ऑनलाइन स्वस्तात मिळणारा जुना डेक घेण्याआधी सध्या कोणती अक्षरं चालू आहेत ते तपासा. अधिकृत स्पर्धांत वयाचे तीन गट असतात, ज्युनियर, सीनियर आणि मास्टर्स. मुलगी ज्युनियरमध्ये बसेल आणि तुम्ही मास्टर्समध्ये. पहिल्यांदा जाल तेव्हा नवखे आहोत हे आधीच सांगून टाका. समोरच्याचं कार्ड वाचायला मागणं यात काहीही गैर नाही, मुरलेले खेळाडूही मागतात.