तारखेची ती चूक

प्रिय,

अनेक आशीर्वाद.

तू एफबीआयसाठी, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास यंत्रणेसाठी, अर्ज केल्याचं तुझ्या आईने सांगितलं. मनापासून आनंद झाला. या नोकरीत तुझ्यासारखी मुलं जायलाच हवीत. तुझा प्रश्नही नेमका आहे: तिकडे अमेरिकेत खेड्यापाड्यांतल्या इतक्या लोकांचा फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, अधिकाऱ्यांवर काडीचाही विश्वास का नाही? ‘ते माथेफिरू आहेत’ या उत्तरावर थांबू नकोस. काही आहेतच, सगळे नाहीत.

रुबी रिजपासून सुरुवात कर. आयडाहो राज्यातल्या या डोंगरावर राहणारा रँडी वीव्हर वर्णद्वेष्ट्यांच्या मेळाव्यांना जायचा. त्याने सरकारी खबऱ्याला नळी कापलेल्या दोन बंदुका विकल्या. खटल्याची तारीख होती 20 फेब्रुवारी 1991, पण त्याला गेलेल्या पत्रात 20 मार्च लिहिलं होतं. तो फेब्रुवारीत आला नाही म्हणून वॉरंट निघालं आणि 14 मार्चला गैरहजेरीचा आरोपही ठेवला गेला. तो मार्चमध्येही आला नसता, असं म्हणतात. असेल तसं. पण आपणच चुकीची कळवलेली तारीख उजाडेपर्यंत सहा दिवस थांबायला काय हरकत होती?

ऑगस्ट 1992 मध्ये त्या डोंगरावर एक मार्शल (फेडरल पोलीस अधिकारी) आणि वीव्हरचा 14 वर्षांचा मुलगा मारला गेला. दुसऱ्या दिवशी एफबीआयच्या नेमबाजाच्या गोळीने त्याची बायको विकी गेली. ती दाराआड उभी होती, हातात दहा महिन्यांची मुलगी होती. एरवी कुणाच्या जिवाला धोका असेल तरच गोळी घालायची असते. तिथे मात्र हत्यारबंद प्रौढ पुरुष दिसला तर गोळी घालता येईल, नव्हे घालावी, असा आदेश होता. तो कुणीतरी लिहिला, कुणीतरी वाचला आणि पुढे पाठवला. त्या साखळीत उद्या तू असशील. पुढे मुख्यालयातल्या एका अधिकाऱ्याने या कारवाईवरचं टीकात्मक टिपण नष्ट केलं आणि त्यापायी तुरुंगवास भोगला. सरकारने 1995 मध्ये कुटुंबाला 31 लाख डॉलर दिले, तेही चूक कबूल न करता.

वेकोची गोष्ट तुला माहीत आहे. टेक्सासमधल्या एका धार्मिक पंथाच्या वस्तीवर 1993 मध्ये पडलेला तो छापा, 51 दिवसांचा वेढा, शेवटी आग आणि 70 हून जास्त मृत्यू. आग आतल्यांनीच लावली, असा निष्कर्ष सरकारने नेमलेल्या डॅनफर्थ चौकशीने 2000 मध्ये काढला, आणि मला तो पटतो. पण त्या दिवशी आग लावू शकतील अशी अश्रुधुराची नळकांडी वापरल्याचं एफबीआयने मान्य केलं ते 1999 मध्ये. मुख्य आगीशी त्यांचा संबंधही नव्हता, तरी सहा वर्षं नाकारत राहिले! मग पुढे खरं सांगितलं तरी कोण ऐकणार?

या दोन्ही ठिकाणी मिलिशिया, म्हणजे सरकारवर अविश्वास असलेल्या नागरिकांचे खासगी सशस्त्र गट, नव्हती. ती चळवळ फोफावली ती या घटनांनंतर. याच रागापोटी टिमथी मॅकव्हेने 19 एप्रिल 1995 ला, वेकोच्या आगीला बरोबर दोन वर्षं झाली त्या दिवशी, ओक्लाहोमा सिटीत बॉम्बस्फोट करून 168 माणसं मारली. त्यात 19 मुलं होती. त्याला कसलीही सबब नाही. लोकांचा अविश्वास समजून घेताना हे क्षणभरही विसरू नकोस.

1996 मध्ये मोंटाना राज्यात सरकारची सत्ताच न मानणाऱ्या फ्रीमेन गटाला वेढल्यावर एफबीआयने 81 दिवस धीर धरला. गोळी न झाडता सगळे शरण आले. तिथे काय वेगळं केलं, ते बारकाईने बघ.

खबऱ्यांच्या भरवशावरही फार जाऊ नकोस. मिशिगनच्या हुतारी या मिलिशिया गटावर खबऱ्याच्या मदतीने उभ्या केलेल्या प्रकरणात 2010 मध्ये छापे पडले, पण बंडाच्या कटाचा आरोप न्यायाधीशांनी 2012 मध्ये फेटाळला. उरले ते शस्त्रांचे गुन्हे.

मुलाखतीआधी रुबी रिजवरच्या 1995 च्या सिनेट सुनावणीचा वृत्तांत वाचून काढ. वीव्हरने तिथे आपल्या चुका कबूल केल्या. नेमबाजाने साक्ष द्यायला नकार दिला, आणि तो त्याचा घटनात्मक हक्क होता. हे दोन्ही पाहणाऱ्या माणसाच्या मनात काय राहिलं असेल, ते मला पुढच्या पत्रात लिही.

तुझा,
काका