डाग पलंगावर, गळती पुढच्या सांध्यात

प्रश्न : ताई, आम्ही गाडीमागे ओढायचा एक जुना प्रवासी ट्रेलर घेतला आहे. त्याच्या छताला वरून रबर आहे. परवाच्या पावसात पलंगावरच्या कोपऱ्यात पिवळा डाग उमटला आणि रात्री टपटप सुरू झाली. वर चढून पाहिलं, तर रबराला कुठेही भोक नाही. सिलिकॉनच्या दोन नळ्या आणून ठेवल्या आहेत. एक मित्र म्हणतो, सगळ्या छतावर द्रवरूप रबर फासून टाक, कटकट मिटेल. काय करू?

उत्तर : त्या दोन नळ्या आधी ट्रेलरपासून लांब ठेवा. रबरी छतावर सिलिकॉन धड धरत नाही, आणि जिथं ते एकदा लागलं तिथं नंतर दुसरं काहीच धरत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा. आमच्या ट्रेलरच्या न्हाणीघरावर उजेडासाठी प्लास्टिकचा घुमट आहे. पहिल्याच वर्षी मी त्याच्याभोवती मोठ्या हौसेनं सिलिकॉन फिरवलं. काही महिन्यांत ते एका टोकाकडून सुटून रिबिनीसारखं लोंबायला लागलं. ओढून काढलं तरी खाली चिकट-तेलकट थर उरलाच. तो खरवडण्यात माझे दोन दिवस आणि बरीच नखं गेली.

रबराला भोक दिसत नाही म्हणता, ते खरंच असणार. फांदी घासली किंवा वर काही जड, टोकदार पडलं तरच रबर फाटतं. एरवी छत गळतं ते सांध्यांतून : पुढचा गोलसर भाग आणि छत जिथं मिळतात ती आडवी शिवण, हवेच्या झडपांच्या चौकटी, सांडपाण्याच्या नळ्यांची तोंडं, शिडीचे पाय, अँटेना आणि दोन्ही कडांच्या पट्ट्या. चालताना ट्रेलर सतत पिळवटत असतो. त्यानं या सांध्यांवरचं सीलंट (फटी बुजवणारा लवचीक लेप) आधी कडक होतं, मग त्याला केसाएवढी भेग पडते. तेवढी पुरते.

आणि डागाच्या बरोबर डोक्यावर शोधत बसू नका. आमच्याकडे पलंगाच्या पायथ्याशी डाग होता, म्हणून मी त्याच्या वरची झडप तीन वेळा सील केली. जखम मांडीला, मलम शेंडीला! पाणी शिरत होतं सात फूट पुढे, त्या आडव्या शिवणीतून. रबराखालून प्लायवुडच्या जोडापर्यंत, तिथून वाशाच्या कडेनं, आणि वाटेत दिव्याच्या वायरीसाठी पाडलेल्या भोकातून ते खाली उतरत होतं.

शोधायचं असं. कोरड्या दिवशी एकानं टॉर्च घेऊन आत बसायचं आणि दुसऱ्यानं बागेच्या नळीनं पाणी सोडायचं, साधी धार, जोराचा फवारा नको. सुरुवात छताच्या खालच्या बाजूनं करायची आणि एकेका सांध्यावर दहा-पंधरा मिनिटं थांबत वर सरकायचं. वरून सुरुवात केलीत तर पाणी सगळ्या सांध्यांवरून वाहील आणि चोर कोण ते कळणारच नाही. माझा या कामाला धीर पुरत नाही, म्हणून मी दुसरी युक्ती करते. खिडक्या, दारं, झडपा बंद करायच्या, फटींना टेप लावायची, सांडपाण्याचे खटके बंद आहेत ना ते बघायचं आणि एका झडपेतून पंख्यानं आत हवा भरायची. मग छताच्या सांध्यांवर साबणाचं पाणी शिंपडायचं. जिथून बुडबुडे येतील, तिथून पावसाचं पाणी आत जाऊ शकतं. आम्हाला असे चार बुडबुडे सापडले आणि त्यातले दोन मला स्वप्नातही सुचले नसते अशा जागी होते.

वर चढताना प्लायवुडचा एक तुकडा खाली घ्या आणि त्यावर गुडघे टेका, म्हणजे वजन पसरेल. रांगतानाच तळव्यानं दाबत चला. कुठे भुसभुशीत लागलं, पाव दाबल्यासारखं खाली गेलं, तर तिथलं काम सीलंटचं उरलेलं नाही. लाकूड कुजलं आहे. रबर कडेकडून उचलून, सडलेली फळी वाशाच्या मध्यापर्यंत कापून नवी बसवावी लागते. रबर नुसतं फुगलं असेल आणि खालची फळी टणक असेल, तर ओलीमुळे गोंद सुटला आहे एवढंच, घाबरू नका.

फळी टणक पण ओली असेल तर सील करण्याची घाई करू नका. इथे सगळे चुकतात, मीही चुकले. आत ओल ठेवून वरून बंद केलं की लाकूड आतल्या आत शिजतं. छताचा आतला तक्ता थोडा सोडवून पंखा लावून ठेवा. आठवडा लागला तर लागू दे. ओल मोजायचं दोन सुयांचं यंत्र मिळतं, ते 20 टक्क्यांच्या बरंच खाली आलं की पुढचं काम.

आता रबर कोणतं ते ओळखा, कारण सीलंट त्यावर ठरतं. छतावरून बोट फिरवलंत आणि खडूसारखी पांढरी पूड लागली, कुठे खरचटलं असेल तिथं काळं दिसलं, तर ते ईपीडीएम, म्हणजे एक कृत्रिम रबर. पूड नाही, थोडी चमक आहे आणि आतूनही फिकटच आहे, तर बहुधा टीपीओ, म्हणजे रबरासारखं प्लास्टिक. सीलंटच्या नळीवर त्या जातीचं नाव लिहिलेलं असलं पाहिजे. ईपीडीएमवर पेट्रोल, रॉकेल किंवा तसल्या द्रावणानं पुसू नका, रबर फुगतं. साबणाचं पाणी, मग स्वच्छ पाणी, पूर्ण वाळल्यावर अल्कोहोलनं एक हात, एवढं बस.

जुनं सीलंट सिलिकॉन नसेल, तर सगळं खरवडायची गरज नाही. सुटलेलं, भेगाळलेलं तेवढं प्लास्टिकच्या पात्यानं काढा, घट्ट बसलेलं राहू द्या आणि त्यावरच नवं घाला. सपाट भागाला आपोआप पसरणारं सीलंट घ्या. ते स्क्रूच्या डोक्यांवर आणि चौकटीच्या कडेवर ओतलं की स्वतःच बसतं. उतारावर आणि उभ्या बाजूला तेच लावलंत तर ओघळून खिडकीपर्यंत येईल, तिथं न ओघळणारं लागतं. हवा 10 अंशांच्या वर असू द्या. वरची साय लवकर धरते, पण आतपर्यंत घट्ट व्हायला काही आठवडे लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशी बोट खुपसून पाहू नका.

कडेच्या ॲल्युमिनियमच्या पट्टीत व्हायनिलची एक फीत दडपलेली असते. ती ओढून काढली की खाली स्क्रूंची रांग दिसते. आमच्या समोरच्या कोपऱ्यातले पाच स्क्रू हातानं फिरवून बाहेर आले, गंजून सुईएवढे झालेले. असं दिसलं तर वरून सीलंट थापू नका. पट्टी सोडवा, तिच्याखालची ब्यूटिलची (मऊ, चिकट रबराची) वाळून दगड झालेली जुनी पट्टी खरवडा, नवी घाला आणि मग स्क्रू कसा.

रबर खरंच कुठे फाटलेलं सापडलंच, तर छतासाठीची चार इंची टेप. फाटलेल्या जागेच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच जाईल अशी कापा, कोपरे गोल करा (टोकदार कोपरा आधी उचलला जातो) आणि रुळानं दाबून बसवा. एकदा टेकली की ती हलत नाही, म्हणून आधी कोरडी ठेवून जागा बघा. माझी पहिली तिरकी बसली आहे, अजून तशीच आहे आणि गळत नाही.

मित्राचं द्रवरूप रबर वाईट नाही. रबर म्हातारं झालं आहे पण फळी कोरडी आणि सांधे पक्के आहेत, तर त्यानं छताचं आयुष्य वाढतं. पण ते शेवटचं काम आहे, पहिलं नाही.

प्रश्न : पाऊस नसतानाही छतावरच्या एसीखालून पाणी ठिबकतं. सीलंट कुठे लावू?

उत्तर : कुठेच नाही. ते बहुधा एसीचंच पाणी आहे. गारव्यानं जमलेलं पाणी खालच्या ताटलीतून छतावर निघून जायला हवं. ताटलीची भोकं पाल्यापाचोळ्यानं बुजली किंवा ट्रेलर तिरका उभा राहिला, की ते आत येतं. आधी वीज बंद करा, मग झाकण काढून ती साफ करा. पावसातही गळत असेल तर एसीखालच्या चौदा इंची भोकाभोवतीचं गॅस्केट, म्हणजे पाणी अडवणारं मऊ कडं, बघा. आतून चार बोल्ट असतात, ते आळीपाळीनं थोडे थोडे कसा. गॅस्केट निम्म्या जाडीपर्यंत दबलं की थांबा, जास्त आवळलंत तर ते चेपून कामातून जाईल. बोल्ट आवळूनही ठिबकलं तर एसी उचलून नवं गॅस्केट घालावं लागेल. ते एकट्यानं करू नका, एसी जड असतो.

प्रश्न : दुरुस्तीला वेळ मिळेपर्यंत ताडपत्री टाकून ठेवली तर चालेल?

उत्तर : चार-आठ दिवस चालेल. पण वाऱ्यात फडफडली तर सँडपेपरसारखी रबर घासते, म्हणून दोरी ताणून बांधा आणि कोपऱ्यांखाली जुनी चादर घाला. ऊन पडेल त्या दिवशी काढून ठेवा.