विद्यापीठांच्या ऑनलाइन संग्रहात जुनं मराठी पुस्तक शोधलं तर ‘काही सापडलं नाही’ एवढंच येतं. म्हणजे ते स्कॅनच झालेलं नाही, असं समजायचं का?

अजिबात समजू नका. ‘सापडलं नाही’ याचा अर्थ एवढाच की त्या नावाची नोंद नाही. पुस्तक आत असू शकतं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत स्कॅन होऊन पडलेलं असू शकतं. याच मुद्द्यावरून मी नोकरीत असताना वरिष्ठांशी भांडले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी बडोद्यातल्या एका ग्रंथालयात तालिका विभागात, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणाऱ्या विभागात होते. जुनी मराठी-गुजराती पुस्तकं माझ्याकडे असायची. संस्थानच्या काळात छापलेल्या पुस्तिका फार बारीक, तीस-चाळीस-पन्नास पानांच्या. कपाटात त्या उभ्या राहत नाहीत. म्हणून त्या काळचे बाइंडर सारख्या आकाराच्या दोन-तीन पुस्तिका एकत्र बांधून टाकायचे आणि पाठीवर पहिल्या पुस्तकाचं नाव सोनेरी अक्षरांत घालायचे. दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक ग्रंथालयात आल्यावर त्याला मिळणारा नंबर, अख्ख्या बांधणीला एकच. कार्डांच्या काळात हे चालून जायचं, कारण आम्ही आतल्या प्रत्येक पुस्तकाचं वेगळं कार्ड करायचो आणि खाली लिहायचो, ‘अमुक पुस्तकासोबत बांधलेले’.

मग संगणक आला, त्यापाठोपाठ स्कॅनिंग आलं. साहेबांनी नियम केला, एक दाखल क्रमांक, एक नोंद. मी म्हटलं, साहेब, आतली पुस्तकं गेली मग. ते म्हणाले, बाई, स्कॅन तर होतंय ना सगळं, उद्या सर्चमध्ये आपोआप येईल, ही कारकुनी आता पुरे. महिन्याला किती पानं स्कॅन झाली याचा तक्ता वर जायचा. वाचकाला किती पुस्तकं सापडू शकतील याचा रकानाच त्या तक्त्यात नव्हता. कार्डं रद्दीत निघाली तेव्हा मी जोडबांधणीच्या नोंदी एका वहीत उतरवून घेतल्या.

पुढे मी निवृत्त झाले. दांडिया बाजारात आमच्या शेजारी राहणारी एक मुलगी पीएच.डी. करतेय, संस्थानी काळातल्या स्त्रियांच्या आरोग्यावर. शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातल्या एका जुन्या प्रबंधाच्या संदर्भसूचीत तिला सुइणींसाठी लिहिलेल्या एका मराठी पुस्तिकेचं नाव मिळालं. तिने देवनागरीत शोधलं, रोमनमध्ये शोधलं, लेखकाच्या आडनावाने शोधलं, कुठेच काही नाही. तिच्या गाइडने सांगून टाकलं की ही पुस्तिका आता उपलब्ध नाही, तुझ्या यादीतून काढ. माझ्याकडे आली ती रडवेली होऊन. “मावशी, अख्खं प्रकरण या पुस्तिकेवर उभं आहे.”

वही काढली. ती पुस्तिका कपाशीच्या लागवडीवरच्या एका पुस्तकामागे बांधलेली होती. आमच्याच ग्रंथालयाच्या ऑनलाइन संग्रहात कपाशीचं पुस्तक शोधलं, लगेच आलं. नोंदीत पानं १३२, आणि फाइल उघडली तर १९०च्या आसपास. मी तिला म्हटलं, खाली जा, अजून खाली. कपाशीच्या पुस्तकाची शेवटची जाहिरात आली, मग एक कोरं पान, आणि मग वेलबुट्टीची चौकट असलेलं दुसरं मुखपृष्ठ. वर पुस्तिकेचं नाव, खाली छापखाना आणि ‘किंमत दोन आणे’. कोपऱ्यात ग्रंथालयाचा गोल शिक्का आणि शाईने लिहिलेला दाखल क्रमांक, कपाशीच्या पुस्तकाचाच. स्कॅन करणाऱ्या मुलाने काम चोख केलं होतं, एक पान सोडलं नव्हतं. पण कपाशीच्या फाइलमध्ये सुइणींची पुस्तिका शोधायला कोण जाणार?

आणि सर्चचं म्हणाल तर त्या फाइलला मजकुराचा थरच नव्हता, म्हणजे यंत्राने वाचून काढलेली, शोधता येणारी अक्षरं नव्हती, नुसती पानांची चित्रं. असता तरी जुन्या ठशांची छपाई, फुटकी जोडाक्षरं, ‘ख’चा ‘रव’ झालेला. यंत्राने ‘सुईण’ बरोबर वाचलं असतं याची खात्री मी देणार नाही. सर्च हा नोंदीला पर्याय नाही, हे मी तेव्हाही म्हणत होते, आजही म्हणते. याच बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला आणून गावोगावच्या ग्रंथालयांची घडी बसवून घेतली. याच गावातून १९१२ पासून ग्रंथालयांच्या विषयाला वाहिलेलं ‘लायब्ररी मिसेलनी’ हे नियतकालिक इंग्रजी, गुजराती, मराठी अशा तीन भाषांत निघत होतं. तिथे नोंद करण्याला कोणी ‘कारकुनी’ म्हटलं की मला आजही राग येतो.

आता तुमच्या प्रश्नाकडे. माझी वही तुमच्याकडे नाही, पण नोंदीतली पानं आणि फाइलमधली पानं ताडून बघणं कोणालाही जमतं. चार-सहा पानांचा फरक प्रस्तावनेचा असतो, कारण तिला वेगळे आकडे असतात. पन्नासचा फरक दिसला तर शेवटपर्यंत जायलाच हवं. आपल्या पुस्तकाच्या सालाच्या आसपासची, त्याच छापखान्याची इतर पुस्तकंही, विषय वेगळा असला तरी, उघडून पाहा.

साल लावून गाळणी करत असाल तर ती आधी काढा. मुखपृष्ठावर शके असतं आणि नोंद करणारा तोच आकडा इसवी सन म्हणून भरतो. शके १८३२ म्हणजे १९१०, पण नोंदीत ते पुस्तक १८३२ सालचं होऊन बसतं. आपल्याकडच्या पुस्तकांवर कधी विक्रम संवतही असतो, त्यातून ५६ किंवा ५७ वजा करायचे.

नावाचं स्पेलिंग ही दुसरी डोकेदुखी. डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया या सरकारी प्रकल्पाने स्कॅन केलेली पुस्तकं आता इंटरनेट अर्काइव्हवर बघायला मिळतात, पण त्यांची नावं अशा रोमन लिपीत भरलेली आहेत की दीर्घ ‘आ’ला दोन ए, ‘ई’ला दोन आय, मध्येच स्वल्पविरामासारखी चिन्हं. पूर्ण नाव टाकू नका. नावातला सर्वात वेगळा एकच शब्द घ्या आणि दोन-तीन तऱ्हेने लिहून बघा. पुण्याच्या गोखले संस्थेच्या गाडगीळ ग्रंथालयाचा डिजिटल संग्रह जरूर बघा, अर्थकारण आणि राज्यकारभारावरची जुनी पुस्तकं तिथे चांगली आहेत. जुना मराठी शब्द अडला तर शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीत मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश दोन्ही शोधता येतात. शोधगंगेवर प्रबंध प्रकरणवार तुकड्यांत असतात, त्यातली संदर्भसूचीची फाइल आधी उघडा. मूळ पुस्तकाचा पत्ता तिथेच लागतो, आमच्या मुलीला लागला तसा.

संदर्भ देताना छापील पृष्ठांक द्या, फाइलचा देऊ नका. जोडबांधणी असेल तर ‘अमुक पुस्तकासोबत बांधलेले’ हे स्पष्ट लिहा, नाहीतर तुमचा परीक्षक तिथवर पोचणारच नाही. नकाशे किंवा घडीचे तक्ते मात्र स्कॅनमध्ये घडीसकट येतात, त्यासाठी प्रत्यक्ष प्रत मागावीच लागते. आणि गाइड ‘उपलब्ध नाही’ म्हणाले तर त्यांना नम्रपणे विचारा, सर, आपण कुठे कुठे पाहिलंत?

एक राहिलं. काही संग्रह फक्त विद्यापीठाच्या आवारातून किंवा लॉगिननेच उघडतात, तिथे घरून कितीही प्रयत्न केलात तरी फाइल उघडणार नाही. आणि स्कॅन दिसतंय म्हणजे छापायला मोकळं, असं नसतं. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. १९६० साली गेलेल्या लेखकाचं लेखन १ जानेवारी २०२१ला मोकळं झालं. अनुवाद असेल तर अनुवादकाचं साल वेगळं मोजायचं. प्रबंधात उतारा देण्याला अडचण नाही, अख्खं पुस्तक परत छापायचं असेल तर हे तपासा.

असं लपलेलं पुस्तक सापडलं तर त्या ग्रंथालयाला मेल करा. फाइलचा दुवा, दुसरं मुखपृष्ठ फाइलमध्ये कितव्या पानावर आहे तो आकडा, आणि मुखपृष्ठावरचा मजकूर जसाच्या तसा. आमच्या मुलीने असा मेल लिहिला, मजकूर मी सांगितला. काही आठवड्यांनी त्या नोंदीत सुइणींच्या पुस्तिकेचं नाव आणि लेखक चढले. माझी वही आता तिच्याकडे आहे, बाकीच्या जोडबांधण्यांचे मेल ती एकेक करून पाठवतेय.