दिवाळीची कढई एकटीनं चढवू नकोस

"दिवाळी पंधरा दिवसांवर आलीय आणि मला आत्तापासूनच रडू येतंय." म्युनिकहून एकजण लिहितेय, माहेर बेळगावचं शहापूर, सासर निपाणी, दोन पोरं आणि फुल-टाइम नोकरी. पुढं म्हणते, "चकली, चिवडा, शंकरपाळी, करंज्या, लाडू, अनारसे, सगळं घरीच करायचं ठरवलंय. सासूबाई रोज व्हिडिओ कॉलवर विचारतात, भाजणी झाली काय गं? रात्री झोप लागत नाही."

अगं बाई, लागेल कशी? ही यादी एका बाईची आहे काय? बेळगावात तरी कुठल्या घरात एकटीनं एवढं केलेलं बघितलंस ते सांग की. अनगोळला आमच्या गल्लीत आज हिच्याकडं चकल्या तर उद्या तिच्याकडं करंज्या, दुपारची जेवणं उरकली की सगळ्याजणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन हजर, एक लाटणार, एक सारण भरणार, एक कातणार, आणि आमची आई फक्त तळायला बसायची कारण तळणाला हात तिचाच. शेजारच्या अक्का सोऱ्या दाबत सुनेची गाऱ्हाणी सांगायच्या, निम्मी कन्नडात निम्मी मराठीत, आणि हसता हसता डबे भरायचे. तुम्ही पोरींनी जाताना पदार्थांची यादी तेवढी नेली, बाया राहिल्या इथंच. मग रात्री अकराला एकटी कढईपुढं उभं राहून रडू येणार नाही तर काय.

"इथं कुणाला सांगू, सगळ्याच बिझी आहेत," म्हणतेस. हे मला अजिबात पटत नाही. त्यांनाही हेच वाटत असणार, तू बिझी आहेस म्हणून. ग्रुपवर मेसेज टाक, शनिवारी दुपारी माझ्याकडं या, सोऱ्या माझा, पीठ तुमचं. शनिवारच धर, कारण रविवारी तिकडं दुकानं बंद, वर मिक्सर लावला की शेजारी कुरकुरणार. माझी धाकटी जाऊ न्यू जर्सीत हेच करते, चार घरं, प्रत्येक घरी एकच पदार्थ पण चौघींपुरता, आणि मग वाटून घ्यायचं. त्यांच्यातली एक तमिळ आहे, ती मुरुक्कू आणते, त्यानं दिवाळी बाटली नाही कुणाची. शंकरपाळी-चिवडा टिकतो म्हणून तो आधी उरकून टाका, करंज्या शेवटी, आणि त्यात सुकंच खोबरं घाला, ओलं घातलं तर लगेच वास येतो.

अनारसे मात्र या वर्षी रद्द. तांदूळ तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, सावलीत जरा ओलसर राहतील एवढेच सुकवा, कुटा, चाळा, गुळात मळून परत मुरत ठेवा, आणि एवढं करून तुपात सोडल्यावर अनारसा हसला, म्हणजे फुटून पसरला, की सगळं गेलं. ऑफिस सांभाळून हे करायला तुला सांगितलंय कुणी? सासूबाईंनीसुद्धा नाही, पत्रात त्या फक्त भाजणीचं विचारतात. अनारसे तुझेच तू डोक्यावर घेतलेस.

आणि नवरा कुठाय गं? एवढ्या लांबलचक पत्रात एकदाच दिसला, "हे म्हणतात विकत आण." चिवडा त्याच्या गळ्यात घाल. पातळ पोहे ओव्हनमध्ये मंद आचेवर कुरकुरीत होतात, फोडणी काय इंजिनिअर माणसाला अवघड नाही.

बाकीचं पटकन सांगते. सासूबाईंनी भाजणी विचारली की त्यांनाच प्रमाण विचार, खूश होतील. आकाशकंदील ऑनलाइन मिळतो. पोरं मराठीत उत्तर देत नाहीत ते नंतर बघू, चकल्या पाडायला बसव त्यांना. दिवाळीच्या दिवशी रजा मिळत नसेल तर पूजा संध्याकाळी, लक्ष्मीपूजन तसंही संध्याकाळचंच असतं.

मेसेज मात्र आजच टाक, पोरांच्या शाळांना सुट्टी लागली की तुमच्यातल्या निम्म्याजणी फिरायला निघून जातील.