आधी इंजिन बघा, मग रंग : फ्लाइट सिमवाल्यांचे प्रश्न

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवरचे प्रश्न मागच्या अंकात मागवले होते, नागपुरातून भरपूर आलेत. बहुतेकांना दोनच गोष्टी विचारायच्या आहेत, एअरलायनर, म्हणजे मोठं प्रवासी विमान, कोणतं घ्यायचं आणि आपल्याकडच्या कंपन्यांचे रंग, म्हणजे लिव्हरी, त्यावर नीट कशा बसवायच्या. त्यातले काही निवडलेत.

ताई, मी अकरावीत आहे. लॅपटॉपला १६ जीबी रॅम, ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, मायक्रोसॉफ्टचं २०२० वालं सिम बऱ्यापैकी चालते. बाबा वाढदिवसाला एक विमान घेऊन देतो म्हणतात. फेनिक्स कंपनीचं एअरबस ए३२० घेऊ का पीएमडीजी कंपनीचं बोइंग ७३७?
(त्रिमूर्ती नगर)

बाबांना म्हणावं थोडं थांबा. आधी फ्लायबायवायरचं ए३२० निओ (नव्या इंजिनांचं ए३२०) टाक, ते पूर्णपणे फुकट आहे, आणि फुकट म्हणून कामचलाऊ असेल असं अजिबात समजू नको, जगभरच्या हौशी लोकांनी मिळून बनवलंय, सोर्स कोडसुद्धा उघडा आहे, आणि बॅटरी ऑन करण्यापासून एपीयू (शेपटीतलं छोटं इंजिन), एमसीडीयूत (कॉकपिटमधल्या उड्डाण-कॉम्प्युटरच्या कीपॅडवर) रूट भरणं, सगळं खऱ्या विमानासारखं करावं लागतं. नागपूर-मुंबई हवेतून साधारण ७०० किलोमीटर, अभ्यास सांभाळून एका संध्याकाळी आरामात होते. अशा फेऱ्या करत एअरबस हातात बसू दे.

फेनिक्स मला स्वतःला फार आवडतं, पण त्याच्या सिस्टिम्स सिमच्या बाहेर वेगळ्या प्रोग्रॅममध्ये चालतात, त्यामुळे १६ जीबी रॅमवर ओढाताण होईल. पीएमडीजीचा विचार करताना एक बघ, ते ७३७ एनजी आहे, म्हणजे ६०० ते ९०० ही जुनी पिढी. जेट एअरवेजचं ७३७-८०० उडवायचं असेल तर अगदी बरोबर, पण अकासा उडवायचं मनात असेल तर नाही, कारण अकासाची सगळी विमानं मॅक्स, म्हणजे ७३७ ची नवी पिढी, आहेत, इंजिनही वेगळं, पंखाचं टोकही वेगळं.

आणि तुझ्या ४ जीबी कार्डावर ८के लिव्हरी टाकू नको. ८के टेक्स्चरमध्ये, म्हणजे विमानावर चढणाऱ्या रंगाच्या चित्रात, ४केच्या चौपट पिक्सेल असतात, डीडीएस फॉरमॅटमध्ये कॉम्प्रेस केलेलं एक ८के टेक्स्चर साधारण ६४ एमबी खाते, ४के असेल तर १६, आणि एका विमानाला असे पाच-सात तरी लागतात. कॉकपिटमध्ये बसल्यावर शेपटी कोण बघते? ४के पुरते.

इंडिगोची लिव्हरी डाउनलोड करून कम्युनिटी फोल्डरमध्ये टाकली, सिम दोनदा बंद-चालू केलं, तरी लिस्टमध्ये दिसूनच नाही राहिली. दुसरी एक टाकली तर अर्धं विमान काळं. काय चुकून राहिलं?
(मनीष नगर)

दोन्ही वेगळे आजार आहेत. न दिसण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे फोल्डरच्या आत फोल्डर. झिप उघडली की बऱ्याचदा एकाच नावाचे दोन फोल्डर एकात एक तयार होतात, आणि सिम फक्त पहिल्याच्या आत बघते. मॅनिफेस्ट आणि लेआउट या दोन जेसन फाइली कम्युनिटीतल्या पहिल्याच फोल्डरमध्ये समोर दिसल्या पाहिजेत, नसतील तर आतला फोल्डर बाहेर काढा.

ते ठीक असेल तर एअरक्राफ्ट कॉन्फिग नोटपॅडमध्ये उघडा आणि बेस कंटेनर लिहिलेली ओळ शोधा. ही लिव्हरी कोणत्या विमानावर चढायची ते तिथे लिहिलेलं असते. सिमसोबत आलेलं असोबोचं ए३२०, आयनीबिल्ड्सचं ए३२०, फ्लायबायवायरचं आणि फेनिक्सचं, ही चारही सिमच्या दृष्टीने वेगवेगळी विमानं आहेत, आपल्याला सगळी ए३२०च वाटतात म्हणून घोळ होतो. एकाची लिव्हरी दुसऱ्यावर फक्त ती ओळ बदलून चढवायचा प्रयत्न करू नका, प्रत्येकाच्या मॉडेलवर रंगाचा नकाशा वेगळा पसरलेला असतो, खिडक्या भलतीकडे येतात.

काळं विमान म्हणजे टेक्स्चर सापडत नाहीये. लिव्हरीत सगळी टेक्स्चर नसतात, जी बदलली तेवढीच असतात, बाकीची मूळ विमानातून उचलायची म्हणून टेक्स्चर कॉन्फिगमध्ये फॉलबॅकचे पत्ते दिलेले असतात. मूळ विमानाचं अपडेट आलं, फोल्डरची नावं बदलली, की ते पत्ते चुकतात. अशा वेळी लिव्हरीची नवीन आवृत्ती आहे का ते आधी बघा. स्वतः काही फाइल बदलली असेल तर लेआउट फाइलही परत तयार करावी लागते, कारण तिच्यात प्रत्येक फाइलचा आकार नोंदलेला असतो. आणि तुम्ही २०२४ च्या सिमवर गेलात तर तिथली रचना वेगळी आहे, २०२४ साठी बनलेल्या विमानावर २०२० च्या लिव्हरी चालतील असं धरून चालू नका.

महागडी विमानं टेलिग्रामवर फुकट मिळतात, घेतली तर चालते का?
(नाव नको, वर्धा रोड)

नाही. इन्स्टॉलरला तुम्ही अ‍ॅडमिनची परवानगी देता, आत काय भरलंय ते कळत नाही, त्याच कॉम्प्युटरवर तुमचं बँकेचंही लॉगिन असते. फुकटच पाहिजे तर कायदेशीर फुकट भरपूर आहे, एक्स-प्लेन या दुसऱ्या सिमवरचं झिबोचं ७३७-८०० बघा.

माझा मित्र म्हणतो फ्लायबायवायरवर गोएअरची लिव्हरी लावणं चूक आहे. दिसते तर मस्त, मग चूक काऊन?
(मानेवाडा)

तुमचा मित्र बरोबर आहे, त्याला माझ्याकडून शाबासकी द्या. लिव्हरी म्हणजे विमानावर गुंडाळलेला कागद, आतलं मॉडेल ती बदलू शकत नाही. फ्लायबायवायरने बनवलंय ते ए३२०-२५१एन, सीएफएमच्या लीप इंजिनचं. गोएअरचे सगळे निओ प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांचे होते, त्या इंजिनाचा पंखा ८१ इंचाचा, लीपचा ७८, आणि बाहेरचं आवरणही वेगळं दिसते.

हे ओळखायला फोटो घेऊन बसायची गरज नाही, टाइप नंबरात डॅशनंतरच्या तीन आकड्यांतला मधला बघायचा. जुन्या ए३२० मध्ये १ म्हणजे सीएफएम कंपनीचं इंजिन, ३ म्हणजे आयएई कंपनीचं, निओमध्ये ५ म्हणजे लीप आणि ७ म्हणजे प्रॅट. किंगफिशरचं ए३२०-२३२ म्हणजे आयएई, तर फेनिक्समध्ये आयएईवालं मॉडेल निवडून त्यावरच ती लिव्हरी लावा. विस्ताराचे निओ लीपचे होते, ते फ्लायबायवायरवर एकदम चपखल, आणि १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाल्यामुळे तो जांभळा रंग आता सिममध्येच उडवायला मिळेल. इंडिगोकडे दोन्ही इंजिनांचे निओ आहेत, म्हणून तिथे व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधून त्या विमानाचा टाइप बघितल्याशिवाय लिव्हरी डाउनलोड करू नका. एवढी मेहनत कशाला असं कोणी म्हणेल, पण जो माणूस स्पॉइलर (उतरल्यावर पंखावर उघडणाऱ्या फळ्या) आर्म केला का ते दोनदा बघतो त्याला चुकीचं इंजिन खुपायलाच पाहिजे असं माझं मत आहे.

व्हिडिओ बघून फ्लेक्स ४० टाकतो, पण मे महिन्यात लाइव्ह वेदर लावून सोनेगाव विमानतळावरून निघालो की गडबड होते.
(खामला)

तो व्हिडिओ युरोपातला असेल. फ्लेक्स म्हणजे इंजिनाला बाहेर आहे त्याहून जास्त तापमान सांगून टेकऑफची ताकद कमी करायची. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे बाहेरच ४४-४५ असते, तिथे ४० ला काही अर्थच नाही. इतक्या उन्हात सरळ टोगा, म्हणजे पूर्ण ताकद, लावा. धावपट्टी ३२०० मीटरची आहे, जागा भरपूर आहे, फक्त वर चढताना विमान सुस्त वाटेल आणि ते तसंच वाटायला पाहिजे.

मी टपाल खात्यातून निवृत्त आहे. नातवाने सिम लावून दिले आहे. रात्रीच्या विमान-टपालाचा डकोटा आणि इंडियन एअरलाइन्सचे पहिले ए३२० उडवण्याची इच्छा आहे. शक्य आहे का?
(धरमपेठ)

काका, तुमचं पत्र वाचून खरंच फार आनंद झाला, कारण नागपूरसाठी याहून योग्य उड्डाण सुचत नाही. १९४९ साली ही सेवा सुरू झाली, दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमानं निघायची, मध्यरात्री सोनेगावला भेटायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळपर्यंत सगळी आपापल्या शहरात परत. हे तुम्हाला मी काय सांगणार, पण नातवाला माहीत नसेल म्हणून लिहिलं.

डकोटा म्हणजे डीसी-३, तो २०२० च्या सिममध्ये नोव्हेंबर २०२२ च्या, मायक्रोसॉफ्टच्या सिम मालिकेच्या चाळिसाव्या वर्षाच्या अपडेटसोबत फुकट आलाय. रंगाचं मात्र जपून करा. इंडियन एअरलाइन्स १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरणातून झाली, त्यामुळे १९४९ चं उड्डाण करायचं असेल तर खासगी कंपनीचे रंग लागतील, ५३ नंतरचं असेल तर इंडियन एअरलाइन्सचे. त्याच अपडेटमध्ये ए३१०-३०० पण फुकट आहे, जीई इंजिनाचं, एअर इंडियाने १९८६ पासून उडवलं त्याच प्रकारचं, खिडक्यांभोवती झरोख्यांची लाल महिरप असलेली लिव्हरी त्यावर शोभून दिसते.

इंडियन एअरलाइन्सचं ए३२० १९८९ पासून आलं, नारिंगी शेपटीचं. त्यात एक खास गोष्ट होती, मुख्य चाकांच्या प्रत्येक पायाला दोनऐवजी चार चाकं, कमजोर धावपट्ट्यांवर वजन पसरावं म्हणून. फेनिक्सचं आयएईवालं मॉडेल सगळ्यात जवळचं, पण चाकं दोनच राहतील, लिव्हरीने चाकं वाढत नाहीत. शेपटी नारिंगीच ठेवा, कोणार्कच्या चक्राची शेपटी २००५ च्या शेवटी आली. तुमच्याकडे त्या काळचे फोटो असतील तर नातवाला ६०० डीपीआयवर स्कॅन करायला सांगा, शेपटी आणि व्हीटीचा नोंदणी क्रमांक वेगवेगळे, अक्षरांचं वळण त्यावरूनच उतरवता येते, आणि विमानाचं पेंट किट (रंगवायचा कोरा साचा) उघडून पहिला थर पांढराच ठेवा, रेषा नंतर ओढा.